कॅसेटची दुसरी बाजू

१ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते आणि आमच्या मालवणात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. पुढचे दोन महिने, ३१ जुलैपर्यंत, घरातला बापमाणूस घरातच. वर्षभर पहाटे समुद्रावर जाणारा आणि दुपारी झोपणारा माणूस एकाएकी १४ वर्षांच्या मुलासमोर दिवसभर बसतो. मग त्याच्या लक्षात येतं की आपला झील सकाळपासून कानात काहीतरी घालून असतो आणि तिसऱ्या हाकेशिवाय वळत नाही. मी इथल्याच एका शाळेत शिकवते. पावसाळ्यातल्या पालकसभेत अभ्यासाच्या खालोखाल हीच तक्रार येते. "बाई, काय आयकता देव जाणे. नुसतो दणदणाट." त्यावर माझं इतक्या वर्षांचं ठरलेलं उत्तर असायचं, मुलांशी बोला.

गेल्या पावसात ही तक्रार माझ्याच घरात उभी राहिली, तेव्हा ते उत्तर किती तोकडं आहे हे मला कळलं. आयांनो, बाबांनो, म्हणून हे आज तुम्हाला सांगायला बसले आहे.

आमच्याकडे झालं असं. मुलगा एकच अल्बम रोज ऐकत होता. कधी इअरफोन, कधी छोटा बॅटरीवरचा स्पीकर. एका संध्याकाळी त्याचे बाबा खोलीत गेले आणि म्हणाले, "ह्या काय गाणा? बंद कर आणि पुस्तक उघड." तो म्हणाला, "तुमका नाय कळाचा." एवढंच. दोन दिवस जेवताना ताटांचा आवाज तेवढा होता. मी मधे पडून 'बोलायचा' प्रयत्न केला. काय ऐकतोस, कोण गातं, अर्थ काय, कुणी दिलं. या वयाच्या मुलाला असा प्रत्येक प्रश्न पोलिसांच्या चौकशीसारखा वाटतो, आणि खरं सांगायचं तर माझे प्रश्न तसेच होते. उत्तर ऐकण्याआधीच मी काळजीत पडलेली होते.

तिसऱ्या दिवशी मी वेगळं विचारलं. "मला ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवशील?"

तो बघतच राहिला. "अख्खा? तुका कंटाळो येतलो."

"येऊ दे."

अल्बमचं नाव 'ऑसम मिक्स, व्हॉल्यूम १'. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' नावाचा मार्व्हलचा सुपरहिरोंचा चित्रपट २०१४ मध्ये आला, त्याची ही गाणी. सगळी मिळून बारा, पाऊण तासाच्या आतबाहेर. ऐकायला सुरुवात करण्याआधी त्याने मला गोष्ट सांगितली, आणि तिथेच माझी पहिली समजूत चुकली. माझ्या डोक्यात सुपरहिरो म्हणजे मारामारी होती. ही गोष्ट सुरू होते ती हॉस्पिटलात. साल १९८८. पीटर क्विल नावाचा लहान मुलगा बाहेर व्हरांड्यात वॉकमन लावून बसला आहे. आत त्याची आई मेंदूतल्या गाठीने मरते आहे. वॉकमनमधली कॅसेट तिनेच त्याच्यासाठी तयार केलेली. तिच्या लहानपणची, तरुणपणची तिला आवडणारी गाणी तिने निवडून एकामागे एक भरलेली. त्याला आत नेतात. आई एक बांधलेली भेटवस्तू देते आणि म्हणते, माझा हात धर. मुलगा घाबरतो, तोंड फिरवतो. तेवढ्यात ती जाते. तो बाहेर पळतो आणि अवकाशातलं एक यान त्याला उचलून नेतं. मोठा होऊन तो परक्या ग्रहांवर लढतो, चोऱ्या करतो, पण तो वॉकमन आणि ती कॅसेट जिवापाड जपतो. भेटवस्तूचं पुडकं मात्र उघडत नाही.

"कित्या नाय उघडणा?" मी विचारलं.

"भियाता," तो म्हणाला.

पालकांनो, ज्याला आपण दणदणाट म्हणत होतो ती एका आईने मुलाला लिहिलेली चिठ्ठी होती. माझा मुलगा ती महिनाभर ऐकत होता आणि मी दाराबाहेर उभी राहून आवाज कमी कर म्हणत होते.

त्या संध्याकाळी पाऊस जोराचा होता आणि वीज गेलेली होती. कंदील, त्याचा स्पीकर आणि आम्ही दोघं. बाबा ओटीवर, दार उघडं.

पहिलं गाणं 'हुक्ड ऑन अ फीलिंग'. ब्लू स्वीड नावाच्या स्वीडनच्या मंडळींनी गायलेलं, १९७४ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. सुरुवातीला वाद्यं नाहीतच, नुसत्या पुरुषांच्या आवाजातल्या लयदार आरोळ्या. मला एकदम रापण आठवली. वाळूत पाय रोवून दोन्ही बाजूंनी माणसं जाळ्याचे दोर ओढतात आणि सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून हाका देतात, तशा. मी ते बोलले नाही. मधे बोलायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. तुम्हीही बजावा, कारण हे सगळ्यात कठीण आहे. पहिल्या गाण्यालाच माझ्या जिभेवर चार सूचना आल्या होत्या.

तिसरं गाणं सुरू झालं, 'स्पिरिट इन द स्काय'. नॉर्मन ग्रीनबाम या गायकाचं, १९६९चं. त्यातली गिटार मुद्दाम फाटक्या आवाजाची केलेली आहे, ताडपत्रीवर वारा फडफडावा तशी, आणि खाली टाळ्यांचा ठेका. ओटीवरून प्रश्न आला, "ह्येचो अर्थ काय?" दोन दिवसांतलं बापाचं मुलाला पहिलं वाक्य. मुलाने सांगितलं, माणूस म्हणतो आहे की मी मेल्यावर देवाघरी जाईन, तिथे माझं चांगलंच होईल, तुम्हीही तयारीत राहा.

"म्हणजे ह्या भजनच रे!"

आणि आमचे हे आत येऊन बसले.

हे मृदंगावर हात असलेले गृहस्थ. भजनात साथ करतात, दशावतारी नाटकांतही पूर्वी केली आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण डबलबारीला रात्र-रात्र बसला असाल. समोरासमोर दोन बुवा, दोन पखवाज, कर्ण्यातून येणारा आवाज, पहाटेपर्यंत एकमेकांना दिलेली उत्तरं. ते ऐकून वाढलेल्या माणसाच्या कानाला रॉक परका वाटायचं कारण आवाज असूच शकत नाही. कारण एवढंच की ते आपल्यासमोर बसून कुणी वाजवलेलं नाही, आणि शब्द परके आहेत. पाचव्या गाण्यापर्यंत यांची बोटं मांडीवर चालू झाली. कुठे सम येते ते त्यांना माझ्याआधी कळत होतं. मुलगा गाण्याकडे लक्ष आहे असं दाखवत होता, पण बघत होता बापाच्या बोटांकडे.

त्याने एक गोष्ट सांगितली ती बाबांना फार पटली. दिग्दर्शक जेम्स गन यांनी गाणी आधी निवडली, पटकथेतच लिहिली आणि चित्रीकरण चालू असताना सेटवर ती वाजवली, म्हणजे नट त्या लयीत चालतील. "आमचा तसाच," हे म्हणाले. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. राजा आख्यानात शिरतो तेव्हा पायपेटी आणि मृदंग त्याची चाल ठरवतात, युद्धाला उभा राहिला की झांज त्याचा जोर वाढवते, आणि वादक सतत नटाच्या पायांकडे बघत असतो. पुढची दहा मिनिटं गाणी थांबवून ते मुलाला संकासुराच्या प्रवेशाचा ठेका मांडीवर वाजवून दाखवत होते. असलं काही त्यांनी त्याला चौदा वर्षांत सांगितलं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं, हे खरं. पण विचारायला काही निमित्त लागतं.

सहावं गाणं मला स्वतःला सगळ्यात आवडलं. 'आय ॲम नॉट इन लव्ह', टेन सीसी या इंग्लिश गटाचं, १९७५चं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तो मुलगा ऐकत असतो ते हेच. मागे एक आवाजांचं धुकं आहे, शेकडो माणसांचा समूह दूरवर गातो आहे असं वाटतं. प्रत्यक्षात गाणारे तिघेच. एकेक स्वर तिघांनी सोळा-सोळा वेळा गाऊन टेपवर एकावर एक चढवला, म्हणजे एका स्वरामागे ४८ आवाज, आणि अशा सगळ्या स्वरांच्या टेपा जोडून वाद्य वाजवावं तसे ते वाजवले. संगणक नव्हता, हातांनी टेप कापून जोडायच्या. मधे एक बाई कुजबुजल्यासारखी बोलते, ती त्या स्टुडिओत ऑफिसचं काम करणारी होती. हे माहीत झाल्यावर आम्ही ते पुन्हा लावलं आणि तिघांनीही डोळे मिटून ऐकलं. किती दिवसांनी आम्ही तिघांनी एकत्र काही केलं होतं!

सगळीच गाणी रॉक नाहीत, हेही मला तेव्हाच कळलं. डेव्हिड बोवीचं आहे, 'द रनअवेज' या शाळकरी वयाच्या मुलींच्या बँडचं १९७६चं आहे, पण त्याबरोबर जॅक्सन फाइव्ह आहेत, मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेल आहेत. 'ओ-ओ-ह चाइल्ड' हे १९७०चं गाणं गाणारे फाइव्ह स्टेअरस्टेप्स म्हणजे शिकागोची सख्खी भावंडं, आणि त्यांचा कारभार बघणारे त्यांचे वडील पोलिसात होते. सगळी जुनी, आधीच कुठे ना कुठे येऊन गेलेली गाणी. तरी हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. नवं एकही गाणं नसलेल्या चित्रपट-अल्बमने तिथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. म्हणजे जगभरातल्या कितीतरी मुलांनी त्या वर्षी आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणची गाणी विकत घेतली. त्याच नोव्हेंबरात तो खऱ्याखुऱ्या कॅसेटवरही काढला.

आता तुमच्या मनातली काळजी. शब्दांचं काय? आहेत, मोठ्यांचे विषय आहेत. दहाव्या गाण्यात बायकोला कंटाळलेला एक नवरा पेपरातली जाहिरात वाचून अनोळखी बाईला भेटायला जातो. माझा चेहरा कडक व्हायला लागला होता. भेटीला येते ती त्याची स्वतःचीच बायको! तीही कंटाळून जाहिरात देऊन बसलेली. मी हसले आणि मुलगा सैल झाला. त्यावर आमचं बोलणं झालं, माणसं एका घरात राहून एकमेकांना कशी ओळखेनाशी होतात यावर. हा विषय मी उपदेश म्हणून काढला असता तर तो उठून गेला असता. एकदोन गाण्यांतलं मला रुचलं नाही, ते मी साधेपणाने सांगितलं. तो म्हणाला, "माका पण ता तितक्या आवडणा नाय." मुलं ऐकतात ते सगळं गिळतातच असं नाही. आपण हे विचारत नाही म्हणून आपल्याला कळत नाही.

कानांची काळजी मात्र खरी आहे आणि तिथे मी मागे हटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की मोठ्या माणसाने ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं, मुलांसाठी ती पातळी ७५ डेसिबल. आवाज ९० वर गेला की मोठ्यांचीसुद्धा सुरक्षित वेळ आठवड्याला चार तासांवर येते. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज पकडतात त्या एकदा मेल्या की परत येत नाहीत. मी हे त्याला रागावून सांगितलं नाही, आकडे दाखवले. फोनमध्ये आवाजाची मर्यादा घालून ठेवता येते, ती त्याने स्वतः घातली. आणि रस्त्यावरून सायकलने जाताना कानात काही नाही, यावर चर्चा नाही. संगीताला नावं न ठेवता सांगितलं की मुलं हे ऐकतात, हा माझा शिक्षिका म्हणूनही अनुभव आहे.

आणखी एक सांगते, कारण 'असलं ऐकून काय होणार' हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. १९५५ साली झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. नाव फारुख बलसारा. वडील तिकडे सरकारी नोकरीत रोखपाल. मुलाला गाण्याचं अंग आहे हे शाळेच्या लक्षात आलं, त्यांनी आईवडिलांना कळवलं, आणि पियानो शिकवायची जास्तीची फी त्या आईवडिलांनी भरली. तो परीक्षा देत चौथ्या श्रेणीपर्यंत गेला. शाळेतच १९५८ मध्ये मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. १९८० मध्ये 'फ्लॅश गॉर्डन' या कॉमिक्समधल्या वीराच्या चित्रपटाला त्याच्या क्वीन या बँडने अख्खा रॉक अल्बम केला. माझा मुलगा फ्रेडी होईल म्हणून मी हे सांगत नाही. तो बहुधा बापाची होडी घेईल किंवा तारकर्लीला पर्यटकांना बुडी मारायला शिकवेल. मला त्या समुद्रापलीकडे बसलेल्या आईवडिलांचं कौतुक वाटतं. शाळेचं पत्र आलं, आणि त्यांनी ते गंभीरपणे घेतलं.

पुन्हा त्या संध्याकाळकडे येते. बारावं गाणं, 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. चित्रपटात ते अगदी शेवटी येतं. पीटर मोठा झाला आहे, सगळं संपलं आहे, आणि तो ते पुडकं उघडतो. २६ वर्षांनी. आत आईची चिठ्ठी असते आणि दुसरी कॅसेट, 'ऑसम मिक्स, व्हॉल्यूम २'. ती लावल्यावर हे गाणं सुरू होतं.

गाणं संपलं. पाऊस चालू होता. मुलगा काही बोलला नाही, आणि मीच बोलायला लागले.

माझे वडील चाकरमानी. परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, लांबला, आणि गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे ते मुंबईतच एका गोदामात लागले. गणपतीला यायचे, कधी शिमग्याला. एका गणपतीला त्यांनी टेपरेकॉर्डर आणला आणि तेव्हापासून पत्रांऐवजी कॅसेट यायला लागल्या, गावच्या कुणाबरोबर तरी एसटीने, वर्तमानपत्रात गुंडाळून. एका बाजूला भजनं आणि गाणी, त्यांनी रेडिओवरून, मंडळातून भरून घेतलेली. दुसऱ्या बाजूला ते स्वतः बोलायचे. पाऊस झाला काय, गाय व्याली काय, आईच्या गुडघ्याचं काय, आणि मग माझं नाव घेऊन पाचदहा मिनिटं. मी १४-१५ वर्षांची झाल्यावर मला त्या बोलण्याचा कंटाळा यायला लागला. मी पहिली बाजू ऐकायची आणि कॅसेट ठेवून द्यायची.

मी बारावीत असताना ते गणपतीला आले नाहीत. रजा मिळाली नाही. कॅसेट आली. मी इतकी रागावलेली होते की गाण्यांची बाजू ऐकली आणि दुसरी लावलीच नाही. आईला म्हटलं, टेप गुंतली. दिवाळीच्या आधी ते मुंबईतच गेले. त्यानंतर ती बाजू लावायचं धाडस मला झालं नाही. ती कॅसेट मी लग्नानंतर या घरी आणली, लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात ठेवली, आणि यांनाही सांगितलं नव्हतं.

कंदिलाच्या उजेडात माझा मुलगा माझ्याकडे बघत होता, तसं त्याने माझ्याकडे कधी बघितलेलं नव्हतं. बाबांनी खाली बघत मांडीवरचा हात थांबवला.

"मगे तू कित्या नाय आयकलंस?" त्याने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाला, "भियालंस."

दुसऱ्या दिवशी त्याने ती कॅसेट मागितली. उजेडात धरली. आमच्या दमट हवेत टेपेवर बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसत होते. त्याने पेन्सिल घालून हळूहळू एक फेरा फिरवला, टेप चिकटलेली नव्हती. बाबा त्याला घेऊन बाजारात गेले, रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. तो म्हणाला, आता वाजवू नका, ओल आहे, तुटेल. पाऊस उतरू दे, मी साफ करून ठेवतो, गणपतीच्या आधी या.

येताना दोघं काहीतरी वाद घालत आले. बेस गिटारचं काम मृदंगाच्या कुठल्या पुडीकडे असतं, यावर. डाव्या, असं बाबांचं म्हणणं.